स्लॅबखालचा उकाडा: जरा मागे जाऊन बघितलं तर

मे महिन्यात गोव्याचं तापमान ३३-३४, नागपूरवाले हसतील, त्यांना ४५ ची सवय. पण तिकडची हवा कोरडी, कूलर लावला की भागतं, इकडे हवेतच इतकं पाणी की घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं. ३३ डिग्री आणि ७० टक्के दमटपणा असताना ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर साधारण २८ दिसतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या खाणींत बघून १९०५ साली सांगितलं होतं की वारा नसताना हा आकडा ३१ च्या वर गेला की अंगाचं तापमानच चढायला लागतं, वारा असला तर मर्यादा थोडी वर सरकते. म्हणजे आपल्याकडे वारा हीच खरी सोय.

जुन्या घरांत ती होती. लोक चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंतींचं कौतुक करतात, मला वाटतं जास्त काम छपराचं. जाड भिंत दुपारची उष्णता धरून ठेवते खरी, पण ती सोडायला रात्र थंड पाहिजे आणि किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रही गरमच. छपराचं तसं नाही, कौल पातळ, सूर्य मावळला की लगेच निवतं, शिवाय दोन कौलांच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते. वळचण पुढे आलेली, त्यामुळे भिंतीला ऊनच कमी लागतं. फोंड्याकडच्या हिंदू घरांत मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांना पुढे बल्कांव म्हणजे बसायचा ओटा, नकाशे वेगळे पण हवेला वाट दोन्हीकडे. खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवायचे, उजेड मऊ यायचा. घरं आतून जरा काळोखीच असायची म्हणा.

आधी छपरावर नळे म्हणजे अर्धगोल कौलं असत. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्टने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती एकमेकांत अडकणारी चपटी कौलं हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर पसरली. पण कौलं म्हणजे दर वर्षी पावसाआधी परतणं आलं, वासे कुजतात, वाळवी लागते, माकडं नाचून फोडतात ते वेगळंच. त्यामुळे १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतर सिमेंट, पगार आणि आखातातला पैसा यायला लागला तेव्हा लोक स्लॅबकडे वळले तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, वर आणखी एक मजला चढवायची सोय पण मिळाली.

फक्त चार-पाच इंचांचा सपाट स्लॅब दिवसभर डोक्यावर ऊन घेतो आणि ती उष्णता संध्याकाळी खालच्या बाजूला पोचते, नेमकी आपण कामावरून घरी येतो तेव्हा. मग छतच तापलेलं असतं, ते आपल्यावर उष्णता फेकत राहतं आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. मग येतो एसी, जो मुळात माणसांसाठी नव्हताच. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी तो बनवला, दमटपणामुळे कागद आकसायचा-फुगायचा आणि रंग जुळत नसत म्हणून.

आता ‘आरामदायक तापमान’ हे प्रकरण. १९७० मध्ये डेन्मार्कच्या फँगर या संशोधकाने बंद खोलीतल्या प्रयोगांवरून त्याचं गणित मांडलं आणि एसी ऑफिसं बरीच त्याच हिशोबाने बनत गेली. १९९८ मध्ये डी डिअर आणि ब्रेगर या संशोधकांनी जगभरच्या इमारतींची माहिती तपासून दाखवलं की खिडक्या उघडता येत असतील तर लोक जास्त गरमीतही खूश असतात, बाहेरच्या हवेप्रमाणे त्यांची अपेक्षा बदलते. भारतासाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये असंच मॉडेल काढलं, २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते घेतलंय.

गावोगावी मात्र लोकांनी स्वतःच उपाय काढलाय, स्लॅबवर पत्र्याचं छप्पर. मूळ कारण गळती, पण सावलीमुळे स्लॅब कमी तापतो हा फायदा फुकटचा. तरी कित्येक जण नंतर चारी बाजूंनी भिंत घालून तिथे खोली करतात, मग वारा बंद आणि पत्र्याची गरमी आतच अडकते.