आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे सुटलो?

‘आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही.’ हा समज वर्षानुवर्षे फिरतोय आणि तो चुकीचा आहे. आरए फॅक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते) रक्तात तपासली जाणारी एक अँटिबॉडी. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांच्या रक्तात हा फॅक्टर सापडतच नाही. उलट हिपॅटायटिस सी, क्षयरोग किंवा नुसतं वाढलेलं वय, एवढ्यानेही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो.

मग निदान कशावर करायचं? मुख्यतः सांध्यांवर. डॉक्टर बोटांचे सांधे आणि मनगटं एकेक करून दाबून बघतात. सूज स्पंजासारखी मऊ लागली, तर आतलं अस्तर सुजलंय. टणक लागली, तर बहुधा वाढलेलं हाड, म्हणजे झिजेचा प्रकार. सकाळचा आखडलेपणा तासभर टिकतो का, हेही विचारायलाच हवं. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १० पैकी ६ गुण लागतात. त्यात सांध्यांना ५ पर्यंत, रक्तातल्या अँटिबॉडींना फार तर ३. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट घेऊनही ६ गाठता येतात.

निदान झाल्यावर हाच फॅक्टर पुन्हा पुन्हा तपासणं तर निव्वळ पैशांचा चुराडा. आजाराचा जोर त्यावरून कळत नाही. त्यासाठी २८ सांधे तपासतात: किती दुखतात, किती सुजलेत. जोडीला ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय ते. काम काही मिनिटांचं, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच गळतं! ३ महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर उपचार बदलायला हवेत. हे मोजल्याशिवाय ठरवणार कसं?