‘आज बरा नव्हता’ म्हणजे नेमकं काय?

माझ्या मोठ्या वहिनीचं जळगावात पाळणाघर आहे, बारा-तेरा पोरं, सगळ्यात लहान ७ महिन्यांचं आणि मोठं ४ वर्षांचं. मी नर्सिंग शिकवते, त्यामुळे तिच्याकडे गेलं की हात आपोआप तिच्या वहीकडे जातो. दोनशे पानी वही, वर पोराचं नाव, खाली तारखा. मागच्या उन्हाळ्यात चाळत होते तर एका पोराच्या पानावर ३ आठवड्यांत ६ वेळा एकच वाक्य, "आज बरा नव्हता." मी म्हटलं, वहिनी, बरा नव्हता म्हणजे काय, ताप होता की जुलाब? तर म्हणे, "अगं म्हणजे... कसंतरीच करून राहिला होता."

आता बघा, तिला त्या दिवशी काहीतरी नक्की दिसलं होतं, इतकी वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळणाऱ्या बाईची नजर काही साधी नसते, पण जे दिसलं ते वहीत आलंच नाही, आला फक्त तिचा निष्कर्ष, आणि त्यावरून ३ आठवड्यांनी तिला स्वतःलाही काही आठवेना. त्याच दिवसांतली दुसऱ्या एका पोरीची नोंद मात्र मला फार आवडली: "११.२० ला वरणभात दिला, दोन घास खाऊन तोंड फिरवलं. रोज वाटी संपवते. उजवा कान सारखा ओढत होती." बस. कान दुखतोय असंही लिहिलं नाही. पण डॉक्टरला याहून जास्त काय पाहिजे? बाकीचं सोडून तो आधी कानच बघणार.

मोठ्या माणसाला दुखलं तर तो सांगतो कुठं दुखतं ते. दोन वर्षांचं पोर सगळ्यालाच "पोट" म्हणतं. आणि खरंच, फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तरी लहान मुलं पोट धरून रडतात. दवाखान्यात गेलं की अनोळखी जागा, स्टेथोस्कोप बघूनच भोकाड, मग रडण्यानं श्वास वाढतो, ठोके वाढतात, तोंड लाल होतं, डॉक्टर ५ मिनिटांत त्यातून काय शोधणार बिचारा. सांभाळणारी बाई तेच पोर ८ तास बघते, खाताना, झोपेत, भांडताना. तिच्याकडे जी माहिती असते ती कुठल्याच मशीनकडे नसते.

आणि हे नुसतं घरगुती शहाणपण नाही हां. व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ मध्ये नवजात बाळासाठी गुणपद्धत छापली, रंग, ठोके, श्वास, हातापायातला जोर आणि डिवचल्यावर बाळ काय करतं, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. आजही जन्मलेल्या बाळाच्या कागदावर तो आकडा असतो. पुढे १९८२ मध्ये येल विद्यापीठातल्या पॉल मॅकार्थींनी तापाच्या लहान मुलांसाठी फक्त बघून ठरवायच्या ६ गोष्टी मांडल्या: रडणं कसं आहे, आईनं घेतल्यावर शांत होतो का, जाग-झोप कशी आहे, रंग कसा आहे, तोंड-डोळे ओले आहेत की सुकलेत, आणि आपण हसलो-बोललो तर तो हसतो का. सगळ्यात शेवटचं मला भारी वाटतं. पोरगं हसलं का, ही चक्क वैद्यकीय नोंद आहे. (अगदी तान्ह्या बाळांत ही पद्धत तितकी भरवशाची नाही असं पुढच्या अभ्यासांत दिसलं, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांच्या बाळाला ताप असला तर हसतंय म्हणून थांबायचं नाही, सरळ दवाखाना.)

म्हणून वहिनीला मी एकच गोष्ट सांगितली, दिसलं ते लिही, वाटलं ते नंतर. "सुस्त होता" नको, "दोनदा हाक मारली, वळून पाहिलं नाही, आवडता ट्रक दिला तर हातात धरून बसला" असं पाहिजे. "जुलाब" नको, "सकाळपासून ४ वेळा, पाण्यासारखी, रक्त नाही, शेवटची सू १० वाजता." सू कधी झाली हे तर कोणी लिहीतच नाही आणि अंगातलं पाणी कमी होतंय का हे त्यावरूनच लवकर कळतं, डोळे खोल जायच्या, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसायच्या कितीतरी आधी. आणि शेजारी "रोज कसा असतो" ते पाहिजेच, कारण एखादं पोर जन्मजात शांत असतं, ते कोपऱ्यात बसलं तर काही विशेष नाही, पण दिवसभर टेबलावर चढणारं पोर कोपऱ्यात बसलं तर ती बातमी आहे.

श्वास मोजणं ही तर फुकटातली तपासणी. पोर शांत असताना किंवा झोपेत, झबलं वर करायचं, पोटाकडे बघायचं, आणि घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या बाळांचा श्वास एकसारखा नसतो, भराभर घेतात, मध्येच थांबल्यासारखं करतात. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांना ४० किंवा जास्त, तर श्वास वेगाचा समजायचा, आणि श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा काहीही येवो, निघायचं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तर फारसं मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं साधन केलं होतं, सोबत वाळूचं घड्याळ, दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनियाचा संशय. शिक्षण नाही म्हणून निरीक्षण जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

आता ताप. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याची खोली असली तर विचारूच नका, त्यात पोराला टोपडं घातलेलं, मग काखेत थर्मामीटर लावला तर काय येणार? म्हणून आकड्याबरोबर वेळ आणि खोलीही लिहायची, "२.१५, पत्र्याखाली, १००" आणि कपडे सैल करून, गार जागी बसवून, पाणी पाजून २० मिनिटांनी परत. दुसरा आकडा खाली आला तर ऊन, तसाच राहिला तर ताप धरून चालायचं. हाताचंही एक आहे, कपाळ गरम लागत नाही म्हणजे बहुतेक ताप नाही हे बऱ्यापैकी खरं निघतं, पण गरम लागलं म्हणजे ताप आहेच असं नाही.

याहून मोठी भानगड सकाळच्या डोसची. एक माय यायची ९ वाजता घाईघाईत, "रातभर ताप व्हता, पन आते खेळी राहिना" (म्हणजे आता खेळतोय) म्हणून पोराला सोडून जायची, आणि एक वाजला की पोर तापानं फणफणलेलं. तीन दिवस असंच. वहिनीला वाटे दुपारच्या झोपेत काहीतरी होतं. नंतर कळलं की घरून निघताना पॅरासिटामॉल पाजत होती, त्याचा असर ४ ते ६ तास, म्हणजे ताप गेलेला नव्हताच, झाकलेला होता. तिलाही दोष देता येत नाही, कापूस वेचणीचे दिवस, एक दिवस घरी बसली तर मजुरी बुडते. पण तेव्हापासून दारातच विचारायचं ठरलं, औषध दिलं का, कोणतं, किती वाजता, किती मिली. मिली एवढ्यासाठी की ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅमवालं सिरपही मिळतं आणि २५० वालंही, बाटल्या बघायला सारख्याच, नुसतं "एक चमचा दिलं" यात दुपटीचा फरक लपतो.

आणि ते "दात येऊन राहिले म्हणून जुलाब" हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे की त्यावर वाद घालायला गेलं तर आजीच आपल्याला घराबाहेर काढेल. पण बघा ना, दात यायला लागतात साधारण सहाव्या महिन्यापासून, त्याच सुमारास पोर रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं, आणि आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरत आलेली असते. सगळं एकाच वेळी, आणि आळ बिचाऱ्या दातावर. लाळ गळेल, चिडचिड होईल, पण पाण्यासारखे जुलाब आणि जोराचा ताप दाताच्या नावावर खपवू नका.

रंगाबद्दलही सांगायचं राहिलं. पुस्तकातले फोटो गोऱ्या पोरांचे, "लाल चट्टे", "फिकट चेहरा". आपल्या सावळ्या लेकरांत गोवराचे दाणे लाल दिसतीलच असं नाही, गडद डाग दिसतात किंवा नुसते हाताला खरखरीत लागतात. रक्त कमी आहे का ते तळहात आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचं, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्यात, निळेपणा ओठ आणि जिभेवर. आणि हो, काजळ पुसून बघा.

अंगणवाड्या १९७५ पासून वजनं घेतायत, आता पोषण ट्रॅकर ॲपवर भरतात, पण विद्यार्थिनींना घेऊन मी रजिस्टर बघायला जाते तेव्हा पहिल्यांदा शेवटचा अंक बघते. ९.०, ९.५, १०.०, १०.०, १०.५, सगळी वजनं अशी शहाण्यासारखी अर्ध्या किलोवर येऊन थांबलेली दिसली की समजायचं काटा नीट वाचलेला नाही, खरी पोरं ९.३ आणि १०.७ पण असतात. उंचीचंही तसंच, २ वर्षांच्या आत झोपवून मापायची, नंतर उभं करून, आणि त्या दोन मापांत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, मग एका महिन्यात पोर "आखूड" झालेलं दिसतं आणि सगळे हसतात. दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी ६ महिने ते ५ वर्षांच्या पोरांसाठी, ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळी. पण एका मापापेक्षा रेषा महत्त्वाची, वजन वाढतंय, थांबलंय की खाली आलंय. आयांना हे आधीपासून कळतं, फक्त त्यांची पट्टी वेगळी असते. साक्री तालुक्यातल्या एका आजीनं मला नातवाचा काळा करदोडा दाखवला होता, "दिवाळीले घट्ट व्हता, आते खाली सरकस." वजनाचं कार्ड तिनं बघितलंही नव्हतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कार्डांवर तर दिवाळीनंतर मोकळे रकानेच असतात, घरची माणसं ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेली की पोरंही सोबत, आणि होळीला परत. काय बिघडायचं ते त्या मोकळ्या रकान्यांत बिघडतं. तिथल्याच एका अंगणवाडीत सेविकाताईंच्या वहीत दीड वर्षाच्या पोराच्या ३ नोंदी होत्या, ५ महिन्यांच्या अंतरात: दोन्ही हातांचे पंजे सुजले, हात लावू देत नाही, ताप. पहिल्या वेळी घरचे म्हणाले पडला असेल, दुसऱ्या वेळी काहीतरी चावलं असेल. तिसऱ्या वेळी ताईंनी मागची पानं उलटली. पडून दोन्ही पंजे एकसारखे सुजत नाहीत ना, तेही तीनदा. सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची पहिली चाचणी) झाली, पुढची तपासणी झाली, सिकलसेल निघाला.

सातपुड्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत हा आजार आहेच. जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते सांभाळून घेतं, ६ महिन्यांच्या पुढे ते कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकायला लागतात आणि हातापायाच्या बारीक हाडांतलं रक्त अडवतात, म्हणून सूज आणि वेदना, आणि कित्येक पोरांत आजाराची पहिली खूण हीच. शिवाय प्लीहा (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) खराब होत जाते त्यामुळे जंतुसंसर्ग पटकन वाढतो, या पोरांना ताप म्हणजे थांबायचं नाही. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालंय, अंगणवाडीत वर्षातून दोनदा पोरांची तपासणी करणारं बालस्वास्थ्यचं पथकही येतं, पण पथक येईल त्या दिवशी सूज असेलच असं थोडंच आहे? सूज वहीत असते.

मार लागून उठणाऱ्या काळ्यानिळ्या डागांबद्दल थोडकं. नडगीवर, गुडघ्यावर डाग असणारच, पळणारी पोरं ती. कानावर, गालावर, मानेवर, पोटावर असला, किंवा अजून रांगतही नाही अशा बाळाला कुठंही असला, तर जागा, माप, रंग, वेळ आणि आणणाऱ्यानं सांगितलेलं कारण त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपली शंका त्या वाक्यात मिसळायची नाही, आणि शंका असेल तर गप्पही बसायचं नाही. आणि वही कपाटात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमक्याला खरूज झालीय, सगळ्यांनी काळजी घ्या" असं टाकणारे महाभाग आहेत, नाव न घेता "एका मुलाला" म्हणून कळवता येतं की.

काही वेळा वही राहू द्यायची आणि आधी १०८ ला फोन करायचा: पोर पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतं, झटका आला, उठवूनही जागं होत नाही. वहिनीकडे मागच्या श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, एका पोरीला तापात झटका आला. घाबरली खूप, पण कुशीवर वळवलं, तोंडात चमचा-कांदा काही घातलं नाही, मदतनीस मुलीला फोन करायला लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, किती मिनिटं चालला? आई म्हणाली अर्धा तास तरी, जी तिथं नव्हतीच. वहिनीनं डावा तळहात पुढे केला, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं, १२.४७ ते १२.५०, दोन्ही हात, डोळे वर. घामानं सात पुसट झाला होता. संध्याकाळी आधी ते वहीत उतरवलं आणि मग हात धुवून पुरणाला लागली.