चिनी भाषेतली नागरिकत्व कार्यशाळा: इंग्रजीची सूट नेमकी कुणाला?

न्यूयॉर्कमधलं फ्लशिंग, सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन अशा वस्त्यांमध्ये स्थानिक संस्था चिनी भाषेत अमेरिकी नागरिकत्वाच्या कार्यशाळा घेतात. एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरून देतात, मुलाखतीची तयारी करून घेतात. आधी नाव नोंदवायचं, ग्रीन कार्ड न्यायचं, पाच वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या लिहून न्यायच्या. इथवर कुणी अडत नाही.

अर्जासाठी वय किमान १८ आणि ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं (नागरिकाशी लग्न झालं असेल आणि एकत्र राहत असाल तर तीन) हवीत. ती भरायच्या ९० दिवस आधीही अर्ज टाकता येतो.

मुलाखतीत इंग्रजीची आणि इतिहास-राज्यकारभाराची परीक्षा होते. लोक अडकतात ते त्यातल्या इंग्रजीच्या सवलतीत. ५० वर्षं वय आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा ५५ वय आणि १५ वर्षं, असं असेल तर परीक्षा आपल्या भाषेत देता येते. ही वर्षं अमेरिकेत आल्यापासून नव्हे, ग्रीन कार्डावर 'रेसिडेंट सिन्स'पुढे छापलेल्या तारखेपासून मोजतात. शिवाय अर्ज टाकण्याच्या दिवशी वय आणि वर्षं दोन्ही भरलेली लागतात. ९० दिवसांची सवलत इथे चालत नाही. एक काकू दुसऱ्यांदा अर्ज करायला आल्या होत्या. वय ५३, येऊन २१ वर्षं झालेली. कार्डावर मात्र मार्च २००७, म्हणजे २० वर्षं भरलेली नव्हती. पहिल्या वेळी कुणीतरी पैसे घेऊन अर्ज भरून दिला, तारीख बघितलीच नाही. मुलाखतीत इंग्रजी वाचायला सांगितलं, परीक्षेच्या दोन्ही संधी गेल्या, फीही गेली. एवढी साधी वजाबाकी अर्ज घेतानाच कुणी करून सांगितली असती तर काय बिघडलं असतं?

आणि सूट फक्त इंग्रजीची आहे. इतिहास आणि राज्यकारभाराच्या प्रश्नांतून सुटका नाही, ते चिनीत विचारले जातात. आता 'चिनीत' म्हणजे कुठल्या? परीक्षा तोंडी असते, आणि तैशानी ही दक्षिण चीनमधली बोली बोलणाऱ्या आजींना मँडरिन कळेलच असं नाही. दुभाषी आपला आपणच न्यायचा असतो, तेव्हा घरात जी बोली बोलता तीच बोलणारा, इंग्रजी पक्कं असलेला माणूस आधीच ठरवून ठेवा.

दुसरी अडचण जुन्या पासपोर्टांची. पाच वर्षांतल्या प्रत्येक परदेशवारीच्या तारखा लिहाव्या लागतात, आणि नवा पासपोर्ट आला की लोक जुना टाकून देतात. कृपा करून टाकू नका. आईवडिलांच्या आजारपणात गावी सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं. इथलं घर, नोकरी, कर यांचे पुरावे तुम्हाला द्यावे लागतात. वर्षभर किंवा जास्त राहिलात तर अर्ज टाकण्याआधी वकिलाला विचारा.

जन्माचा किंवा लग्नाचा दाखला चिनीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतर बिनचूक असल्याचं भाषांतरकाराच्या सहीचं निवेदन. सारांश चालत नाही.

कम्युनिस्ट पक्षाचे कधी सदस्य होतात का, हा प्रश्न आला की टेबलावर शांतता पसरते. घाबरून 'नाही' लिहू नका. गेल्या दहा वर्षांतलं सदस्यत्व अडचणीचं आहे, पण सक्तीने, नोकरीसाठी किंवा सोळाव्या वर्षाआधी घेतलेल्या सदस्यत्वाला अपवाद आहेत. लपवलेलं मात्र फार महागात पडतं. खरं काय ते कार्यशाळेतल्या वकिलाला सांगा.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आपल्या मराठी आईवडिलांनाही वर्षांचा हाच हिशेब लागू आहे, आणि परीक्षा मराठीतही देता येते.

त्या काकूंना नोव्हेंबर २०२६ मध्ये ५५ पूर्ण होतात, तोवर ग्रीन कार्डाला १५ हून कितीतरी जास्त वर्षं झालेली असतील. स्वयंसेवकाने ती तारीख त्यांच्या कागदांच्या पिशवीवर जाड पेनाने लिहून दिली.