गुलामगिरी आणि कुटुंबाची ताटातूट : अमेरिकन कथासाहित्यातील चित्रण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६५ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती. या व्यवस्थेत विक्री, वारसांतील वाटणी किंवा मालकाचे कर्ज यांपायी आईपासून मुले आणि नवऱ्यापासून बायको कायमची तोडली जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील कथा-कादंबऱ्यांत या ताटातुटीचे चित्रण सातत्याने आढळते.

या चित्रणामागची कायद्याची चौकट ध्यानात घ्यावी लागते. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरू लागला. बाप मालक असला, तरी गुलाम आईचे मूल गुलामच. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती, त्यामुळे तो मोडण्यास कोणाची परवानगी लागत नसे. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी आली आणि देशांतर्गत व्यापाराला अधिकच जोर चढला. व्हर्जिनिया, मेरिलंड, केंटकी यांसारख्या राज्यांतून कापूस व उसाच्या मळ्यांकडे १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख माणसे नेली गेली, असा अंदाज आहे. लुइझिॲनाने १८२९ मध्ये दहा वर्षांखालील मुलांना आईवाचून राज्यात विक्रीस आणण्यावर बंदी घातली. अकराव्या वर्षी मात्र ही आडकाठी उरत नसे.

किती कुटुंबे प्रत्यक्षात मोडली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रॉबर्ट फोगेल व स्टॅन्ली एंगरमन यांनी १९७४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील विक्रीच्या दप्तरांवरून विक्रीने मोडलेल्या विवाहांचे प्रमाण अल्प मानले. हर्बर्ट गटमन यांनी त्यांच्या गणितावर कठोर टीका केली. मायकेल टॅडमन यांनी १९८९ मध्ये व्यापाऱ्यांचे कागद तपासून उत्तरेकडील गुलाम-राज्यांत सुमारे एक-तृतीयांश प्रथम विवाह सक्तीने तुटल्याचा निष्कर्ष काढला. विक्रीखतात नवऱ्याचा किंवा बायकोचा उल्लेख नसणे म्हणजे ती व्यक्ती अविवाहित असणे नव्हे, हे ध्यानी घेतल्यास टॅडमन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. कादंबरीकारांनी अतिशयोक्ती केली, या जुन्या आक्षेपाचे बळही त्यामुळे घटते.

हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५१-५२ मध्ये ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकात क्रमशः व मार्च १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. कर्जात बुडालेला, एरवी सौम्य असा मालक आपला गुलाम टॉम आणि गुलाम एलायझाचा लहानगा हॅरी या दोघांना गुलामांच्या दलालाला विकतो, येथून कथा सुरू होते. टॉमच्या मूळ व्यक्तीविषयी बराच वाद आहे. गुलामीतून निसटलेल्या जोसाया हेन्सन यांच्या १८४९ च्या आत्मकथनात भावंडे एकेक करून लिलावात गेल्याचा आणि आईने नव्या मालकाच्या पाया पडल्याचा प्रसंग आहे. स्टो यांनी १८५३ च्या ‘अ की टू अंकल टॉम्स केबिन’ या ग्रंथात हेन्सन यांचा उल्लेख इतर अनेकांबरोबर एक समांतर उदाहरण म्हणून केला. पुढे हेन्सन स्वतःच ‘अंकल टॉम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. टॉम अनेक व्यक्तींवरून रचला असावा, हे मत सयुक्तिक दिसते. बर्फाच्या तुकड्यांवरून ओहायो नदी ओलांडणाऱ्या एलायझाचा प्रसंग रिप्ली गावचे धर्मोपदेशक जॉन रँकिन यांच्याकडून कळलेल्या, बहुधा १८३८ च्या सुमाराच्या घटनेवर आधारलेला असावा. स्टो यांचे तान्हे मूल १८४९ मध्ये सिनसिनाटीत पटकीने दगावले. मूल हिरावलेल्या गुलाम आईचे दुःख त्यातून उमगल्याचे त्यांनी नमूद केले आहे.

कादंबरीच्या शेवटी दुरावलेले आप्त योगायोगाने एकमेकांना भेटतात, आणि तो भाग दुबळा आहे. तिचे खरे सामर्थ्य आगबोटीवरच्या लूसी या गुलाम आईच्या प्रकरणात दिसते. लुईव्हिलच्या धक्क्यावर नवरा दिसेल या आशेने ती कठड्याशी धावते. तेवढ्यात तिचे सुमारे दहा महिन्यांचे झोपलेले मूल ४५ डॉलरला विकले जाते. रात्री ती नदीत उडी घेते. सकाळी दलाल आपल्या हिशोबाच्या वहीत तिला तोट्याच्या सदरी मांडतो.

विल्यम वेल्स ब्राउन यांची ‘क्लोटेल’ (लंडन, १८५३) ही आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची पहिली प्रकाशित कादंबरी मानली जाते. आई व दोन मुली यांची रिचमंडच्या लिलावात फाटाफूट होते. ब्राउन हे स्वतः गुलामीतून निसटलेले होते. पळण्याचा एक बेत फसल्यावर त्यांच्या आईला दक्षिणेत विकण्यात आले होते.

मुक्तीनंतर आप्तांचा शोध हा विषय पुढे आला. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या पत्रात १८७७ पासून हरवलेल्या नातलगांसाठी खास सदर चाले. फ्रान्सेस हार्पर यांची ‘आयोला लेरॉय’ (१८९२) ही कादंबरी आणि चार्ल्स चेसनट यांची ‘द वाइफ ऑफ हिज यूथ’ (१८९८) ही कथा याच वातावरणातल्या आहेत. चेसनट यांची ‘पो’ सँडी’ ही त्याआधीची कथा तितकीच मोलाची, पण कमी वाचली जाते. सँडीला मालकाच्या मुलांकडे आळीपाळीने कामाला पाठवतात. तो दूर असताना मालक त्याच्या बायकोचा सौदा करतो, वर त्याच्या हातावर एक डॉलर ठेवतो. दुसरी बायको टेनी मंत्राने त्याचे झाड करते, कारण झाडाला कोणी हलवत नाही. पुढे तिलाच दुसरीकडे पाठवतात आणि तिच्या माघारी ते झाड लाकडासाठी तोडले जाते.

विसाव्या शतकात ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ने (१९७६) विषय घराघरांत पोचवला, तिच्यातील वंशावळीची ऐतिहासिकता मात्र वादग्रस्त ठरली आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किन्ड्रेड’मध्ये (१९७९) स्वयंपाकीण सॅराची तीन मुले विकली जातात आणि मुकी कॅरी तेवढी तिच्याजवळ उरते. तिलाही विकण्याची भीती सॅराला कायम मुठीत ठेवते.

टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’चे (१९८७) बीज मार्गारेट गार्नर हिच्या प्रकरणात आहे. जानेवारी १८५६ मध्ये केंटकीहून पळालेली मार्गारेट सिनसिनाटीत घेरली गेली, तेव्हा मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ देण्याऐवजी तिने तिचा जीव घेतला. समीक्षेत या हत्येचीच चर्चा अधिक होते. ताटातुटीच्या दृष्टीने कादंबरीची नायिका सेथे हिची सासू बेबी सग्ज हिचे चित्रण अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. तिला आठ मुले झाली. त्यांपैकी थोरलीला पावाचा करपलेला तळ आवडे, एवढीच तिची आठवण उरली आहे. धाकट्या हॅलीकडे तो जन्मला तेव्हा तिने नीट पाहिलेही नाही. मोठे होताना दिसणारच नाही, तो चेहरा ओळखून ठेवायचा कशाला! नेमका तोच तिच्याजवळ राहतो आणि रविवारच्या कमाईतून तिची सुटका विकत घेतो.

एडवर्ड पी. जोन्स यांच्या ‘द नोन वर्ल्ड’मध्ये (२००३) ऑगस्टस हा मुक्त सुतार बायको व मुलगा यांना पैसे देऊन सोडवतो. मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे, असा व्हर्जिनियाचा १८०६ चा कायदा होता. म्हणून सरकारदप्तरी ती दोघे त्याचीच मालमत्ता राहतात.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध कथासाहित्यापेक्षा विचारसाहित्यातून येतो. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा संवादरूप ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.