वास्तुरूप मॅन्टल घड्याळे

देऊळ, चर्च, मनोरा, दीपगृह अशा एखाद्या वास्तूच्या रूपात घडवलेली, फळीवर ठेवायची किल्लीची घड्याळे. युरोपातल्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर जी फळी असते तिला मॅन्टल म्हणतात; त्यावरून हे नाव पडले. मुंबईत शेकोटीचे कामच नव्हते. इथे ही घड्याळे सागवानी कपाटावर, नाहीतर संगमरवरी पाटाच्या टेबलावर जाऊन बसली.

घड्याळाला इमारतीचे रूप देणे ही नुसती हौस नव्हती. यांत्रिक घड्याळ घरात येण्याच्या कितीतरी आधी चर्चच्या आणि नगराच्या मनोऱ्यात राहत होते. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या औग्सबुर्गच्या कारागिरांनी टेबलावर मावेल असे घड्याळ केले, तेव्हा त्यालाही त्यांनी सोनेरी मुलाम्याच्या मनोऱ्याचाच आकार दिला आणि वर घंटेसाठी जाळीदार छत्री ठेवली. मुंबईकराला हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. क्रॉफर्ड मार्केट (१८६९), राजाबाई टॉवर (१८७८), फोर्टातला बोमनजी होरमसजी वाडिया क्लॉक टॉवर (१८८२) आणि बोरीबंदरचे स्थानक (१८८८) वीस वर्षांच्या आत उभे राहिले, आणि या शहराला वेळ वर मान करून बघायची सवय लागली. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून झालेला, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. त्याच्याकडे पाहून झाल्यावर हातभर उंचीचे गॉथिक घड्याळ पाहावे: तीच टोकदार कमान, तेच निमुळते शिखर, शिखराखाली तीच गोल तबकडी.

फ्रान्समध्ये १८३० च्या सुमारास कॅथेड्रलच्या दर्शनी भागाची हुबेहूब घड्याळे लोकप्रिय झाली. गोल नक्षीदार खिडकीच्या जागी तबकडी बसवलेली असे. इंग्लंडात काचेच्या पेटीत ठेवायची, सांगाडा उघडा दिसणारी घड्याळे निघाली. त्यांच्या पितळी चौकटी यॉर्क मिन्स्टर किंवा लिचफील्ड कॅथेड्रलच्या रेषांवर कापलेल्या असत. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या इलायस इंग्रॅहम यांनी १८४०च्या दशकात दोन सुळक्यांचे स्वस्त लाकडी घड्याळ काढले, आणि बघता बघता इतर कारखान्यांनी तो आकार उचलला. शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दीपगृह, पवनचक्की, वाफेचा बॉयलर अशी ‘औद्योगिक’ घड्याळे आली. त्यांत वेळेच्या यंत्राबरोबर फिरणारा वरचा मजला किंवा पाती हलवणारे दुसरे यंत्रही असे.

सर्वांत जास्त खपली ती मात्र काळ्या दगडाची, ग्रीक देवळाच्या घाटाची फ्रेंच घड्याळे. दगड बहुधा बेल्जियममधला काळा चुनखडक. तासून, घासून आरशासारखा केलेला, रेघांत सोनेरी रंग भरलेला, मधे हिरव्या मॅलॅकाइटची किंवा तांबड्या संगमरवराची पट्टी. १८६१ साली प्रिन्स अल्बर्ट वारल्यानंतर व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात शोकाचा काळा रंग रुळला, त्याचाही इंग्लंडातल्या मागणीला हातभार लागला. १८६९ साली सुएझ कालवा उघडला, युरोपची बोट मुंबईच्या जवळ आली आणि त्याच सुमारास इजिप्तच्या देवळांची, स्फिंक्सची आणि दोन बाजूंना ओबेलिस्क, म्हणजे निमुळते चौकोनी स्तंभ, असलेल्या घड्याळांची लाट आली. बाजूच्या त्या जोडवस्तू आज क्वचितच घड्याळासोबत सापडतात. वाटण्यांमध्ये त्या आधी वेगळ्या होतात.

काळ्या दगडाच्या या देवळासारख्या घड्याळासमोर थोडा वेळ उभे राहावे. जड चौथरा दिसायला भारदस्त आहेच, पण लंबक झुलताना पेटी हलू नये म्हणूनही तो लागतो. पेटी हलली की वेळ बिघडते. खांबांच्या मधल्या गाभाऱ्यात देवाच्या जागी तबकडी. मागचे गोल दार उघडले की पितळी यंत्र आणि त्याच्या पाठीशी कांस्याची घंटा. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर तळाशी बारीक आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ५ आणि ४. हे साल नव्हे आणि किंमतही नव्हे. लंबकाची लांबी आहे, जुन्या फ्रेंच मापात ५ इंच ४ रेघा (रेघ म्हणजे इंचाचा बारावा भाग). तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ एक इवलेसे भोक असते. ती ब्रोको या फ्रेंच घड्याळजींच्या पद्धतीची सोय. किल्लीचे बारीक टोक त्यात घालून फिरवले की लंबक सूतभर आखूड किंवा लांब होतो; मागचे दार उघडावे लागत नाही, लंबकाला हात लावावा लागत नाही. इतकी विचारी सोय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूत पाहिली की ती करणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

तासाला तास इतके आणि अर्ध्याला एक, असे हे घड्याळ दिवसाला १८० टोले देते. जुन्या यंत्रांत टोले मोजणारे खाचांचे चाक काट्यांपासून स्वतंत्र चालते. काटे घाईने पुढे ढकलले की चाक मागे राहते आणि चार वाजता दोन टोले पडतात. घड्याळ बिघडले असे समजून लोक ते माळ्यावर टाकतात. खरे तर टोल्याची कळ उचलून राहिलेले टोले वाजवून घेतले की दोघांची गाठ पडते.

अमेरिकन कारखान्यांनी दगडाची नक्कल केली. सेथ थॉमसने लाकडावर सेल्युलॉइडचा पातळ थर चढवून त्याला ‘अ‍ॅडमँटाइन’ म्हटले. अन्सोनियाने काळे मुलामे दिलेले ओतीव लोखंड वापरले. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर अशी घड्याळे शेजारी शेजारी दिसतात. ओळखायला हात आणि चुंबक पुरे: दगड गार आणि जड लागतो, लोखंडाला चुंबक चिकटतो, लाकूड उचलताच कळते. यंत्र एकाचे, पेटी दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे अशी जुळवणीही तिथे होते. मागच्या पत्र्यावर रिकामी जुनी भोके दिसली तर भावाच्या आधी त्यांच्याबद्दल विचारावे.

मुंबईच्या दमट हवेत लाकडी पेट्यांचे थर सुटतात, यंत्राची पोलादी स्प्रिंग गंजते; दगडी पेटी तग धरते, मात्र तिचे तुकडे आतून प्लास्टरने जोडलेले असल्याने ती कधीच वरच्या भागाला धरून उचलू नये. जुन्या चाळींच्या लाकडी जमिनीवर कोणी ठणठण चालले की लंबकाला धक्का बसतो, म्हणून घड्याळ भिंतीला लागून, तुळईच्या टोकाशी ठेवावे.

या घड्याळांच्या आयुष्यातला एक काळ फक्त मुंबईचा आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी शहराने तिच्यामागे ३९ मिनिटे असलेली स्वतःची ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत चालली. तोवर एकाच शहरात काट्यांचे दोन हिशेब होते. रेल्वे प्रमाणवेळेने धावे; गाडी गाठायची असेल, तर घरच्या घड्याळात ३९ मिनिटे मिळवून मग निघायचे.