फाल्गुन लागला, ब्रेक ऑइलचं झाकण उघडून बघा

थंडी ओसरली की रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर, सगळीकडच्या गाड्या धुऊन पुसून बाहेर निघतात आणि रविवार आला की इंदूरची पोरं चोरल, जाम गेट, महेश्वर, ओंकारेश्वर अशी सुटतात. त्याच्या आधी पंधरा दिवस गाडीवर खर्च चालू असतो. कोणी सायलेन्सर बदलतं, कोणी एअर फिल्टर, कोणी मागे जाड टायर टाकून घेतं. हौस आहे, करावीच, पण माझं मनापासून म्हणणं असं की या मोसमातला पहिला खर्च ब्रेक ऑइलच्या एका सीलबंद बाटलीवर करा, बाकी सगळं त्याच्यानंतर. का, ते जरा नीट सांगतो.

गाडी थांबते म्हणजे काय होतं? तिच्यातली गतीची ऊर्जा जाते कुठे तर उष्णतेत, दुसरीकडे जायला तिला जागाच नाही. गाडी दीडशे किलो, वर दोन माणसं आणि बॅग मिळून अजून दीडशे, असं ३०० किलो वजन ताशी ६० किलोमीटरने चाललंय असं धरा. गणित केलं तर ऊर्जा येते साधारण ४२ हजार ज्यूल, म्हणजे एक कप चहाचं पाणी उकळायला पुरेल एवढी, आणि ही सगळी उष्णता तीनचार सेकंदात चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कमध्ये आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडमध्ये शिरते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६० चे ९० केले तर वेग दीडपट पण ब्रेकवरचं काम सव्वादोनपट. इंजिनाची ताकद वाढवणारे अपग्रेड करताना हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि मांडायलाच हवा.

आता घाट घ्या. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर १५५ च्या आसपास, म्हणजे निमाडात उतरताना आपण जवळजवळ ४०० मीटर खाली येतो. त्याच ३०० किलो वजनासाठी ही ऊर्जा होते पावणेबारा लाख ज्यूलच्या घरात, म्हणजे ६० वरून शून्यावर २८ वेळा ब्रेक मारल्यासारखं. यातली बरीचशी हवा आणि इंजिन खातं, पण इंजिन खातं कधी, तर गाडी गिअरमध्ये असेल तेव्हाच. पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रल करून किंवा इंजिनच बंद करून घाट उतरणारे लोक भेरूघाटात आजही दिसतात, आणि मला ते बघून खरंच काळजी वाटते, कारण मग इंजिनाचा वाटासुद्धा ब्रेकवर येतो, डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि ती उष्णता पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून थेट ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

आता खरी गोष्ट. पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनी केलाय, बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पास्कलचा हा ग्रंथ तो गेल्यावर १६६३ मध्ये छापला गेला आणि आपला डिस्क ब्रेक आजही त्याच्यावरच चालतो. वर हँडलपाशी मास्टर सिलिंडरचा पिस्टन समजा १३ मिमीचा आणि खाली चाकापाशी पॅड धरणाऱ्या कॅलिपरमध्ये २६ मिमीचे दोन, तर क्षेत्रफळ आठपट, म्हणजे जोरही आठपट. शिवाय लिव्हरची स्वतःची पाचसहापट वेगळी. म्हणून दोन बोटांनी हलकं दाबलं तरी पॅड डिस्कला करकचून धरतो. पण या सगळ्याला एकच अट आहे, मधला द्रव दबता कामा नये. द्रव दबत नाही, वायू दबतो.

आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटलीवर ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो, त्यातले डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, ओलावा शोषणं हा त्यांचा स्वभावच आहे, रबरी पाइपाच्या भिंतीतून आणि झाकणापाशी थोडाथोडा तो आत येतच राहतो, गाडी नुसती उभी असली तरी. ताज्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. तेच त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की मानकानुसार किमान १५५ अंश एवढंच धरलेलं आहे. डॉट ३ चं २०५ वरून १४०. म्हणजे घाटात कॅलिपर तापला की जिथे ताजं ऑइल आरामात टिकलं असतं तिथे जुनं उकळू शकतं. म्हणूनच मी फाल्गुन म्हणतो, मागच्या पावसाळ्याचा ओलावा आत आहे, पुढे ऊन चढणार आहे आणि फिरणंही आत्ताच वाढणार आहे, यापेक्षा योग्य वेळ कुठली.

उकळतं तेव्हा होतं काय हे फार बारकाईने बघण्यासारखं आहे. पाण्याची वाफ झाली की नेहमीच्या हवेच्या दाबाला ती दीड हजारपटीहून जास्त जागा घेते. लिव्हर दाबलेली असते तोपर्यंत आत दाब जास्त, आणि दाब जास्त असला की उकळबिंदूही वर जातो, त्यामुळे ऑइल तग धरून राहतं. तुम्ही लिव्हर सोडली की दाब एकदम उतरतो आणि नेमक्या त्याच क्षणी बुडबुडे तयार होतात. पुढचं वळण येतं, तुम्ही परत दाबता आणि लिव्हर थेट हँडलला टेकते, ब्रेक जवळजवळ नाहीच, कारण तुमचा सगळा जोर वाफ दाबण्यात गेला. मग कडेला गाडी लावून अर्धा तास थांबलात की वाफेचं परत पाणी होतं आणि लिव्हर पुन्हा कडक! घरी येऊन मेकॅनिकला दाखवलं तर तो दोनदा दाबून म्हणतो, काही नाही हो, एकदम ओके आहे. दोष दिसतच नाही कारण तो थंड गाडीत नसतोच. म्हणून ऑइल खराब झाल्याची वाट बघायची नाही, बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात, तेवढं पाळायचं.

बदलताना हँडल असं वळवा की वरची छोटी टाकी आडवी सपाट राहील, आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका कारण हे ऑइल रंग खातं, थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवा. झाकणाचे दोन स्क्रू मऊ असतात, नीट बसणारा पेचकसच लावा नाहीतर खाचा झिजतात. खाली कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूला, बारीक पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत बुडालेलं. लिव्हर हळू दाबून धरायची, निपल पाव फेरा उघडायचा, ऑइल गेलं की आधी निपल बंद आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की हवा आत. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. नळीतून तपकिरी जाऊन फिकट पिवळं, बुडबुड्याशिवायचं ऑइल यायला लागलं की झालं. एबीएसवाल्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या, काही गाड्यांत हवा त्या यंत्रणेच्या मॉड्युलमध्ये अडकली तर कंपनीचं मशीनच लागतं, तेव्हा सवय नसेल तर चांगल्या मेकॅनिककडूनच करून घ्या, फक्त बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. आणि डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा तर थेंबही नको, आतले रबर फुगून बसतात.

टाकीतली पातळी कमी दिसली की लोक वरून भरतात, इथे जरा थांबा. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर सरकतो आणि ती जागा भरायला ऑइल खाली जातं, म्हणजे गळती नसेल तर कमी झालेली पातळी सांगते की पॅड बघा. पॅडवर झीज दाखवणारी खाच असते, ती पुसली गेली असेल किंवा मसाला मिलिमीटरभरच उरला असेल तर बदला. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तीही वाचा.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढायला स्प्रिंग नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिस्टन पुढे जाताना ही रिंग किंचित वाकते, दाब गेला की सरळ होते आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते, बस. पिस्टनवर धूळ, चिखल साचला की रिंगेला तेवढं ओढता येत नाही, मग पॅड डिस्कला घासतच राहतो, गाडी जड चालते आणि ऑइल उगीच तापतं. तेव्हा पॅड काढलेच आहेत तर पिस्टनची बाहेर दिसणारी कड साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. धूळ तोंडाने फुंकू नका, छातीत जाते. नवीन पॅड टाकल्यावर पहिले काही किलोमीटर हलके हलके ब्रेक मारायचे, पॅडचा थर डिस्कवर सारखा बसेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.

अपग्रेडच करायचं असेल तर स्टीलची जाळी असलेला ब्रेक पाइप घ्या. रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो आणि तेवढा तुमचा जोर वाया जातो, जाळीचा जवळजवळ फुगत नाही, लिव्हर लगेच कडक लागते. सिंटर्ड पॅड, म्हणजे धातूची भुकटी दाबून तापवून बनवलेले, उष्णता चांगली सोसतात पण त्यांच्यासाठी न बनलेली डिस्क लवकर झिजवतात, आधी चौकशी करा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, ते चाक जाम होऊ देत नाही हे खरं, पण उकळलेल्या ऑइलपुढे तेही काही करू शकत नाही.

टायरमधली हवाही परत मोजा. जानेवारीत पहाटे १० अंशाला भरलेली २८ पीएसआय दुपारच्या ३५ अंशाला साडेतीनचारने वाढलेली मिळेल, म्हणून मोजायची नेहमी थंड टायरला.

आणि रंगपंचमी. राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, गाडी नेऊच नका, पण गल्लीत उभ्या गाडीवरही गुलाल आणि रंगाचं पाणी येतंच. दुसऱ्या दिवशी प्रेशरच्या पाण्याचा मारा कॅलिपर, चाकाच्या बेअरिंग आणि चेनवर जवळून करू नका, साध्या पाइपने धुवा. चेनला ल्यूब करताना डिस्कवर कापड धरा. तेलकट फवारा डिस्कवर गेलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरने पुसायचं, आणि पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते पॅड टाकूनच द्यायचे.