घर आणि शाळा यांच्या नात्याची ठाणे जिल्ह्यातील पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील महापालिका शाळांत आज शाळा व्यवस्थापन समिती, पालक सभा, माता पालक गट ही नावे नित्याची झाली आहेत. मात्र पालकाला शाळेच्या कारभारात जागा देणे आणि मुलाच्या प्रत्यक्ष शिकण्यात घराला सामील करून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने पहिलीवर भर दिला; दुसरी याच जिल्ह्यात फार आधी रुजली होती, पण ती मागे पडली.

कायद्याला पालक प्रथम दिसला तो कसूरदार म्हणून. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून 1918 साली झालेल्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड करण्याची कल्पना 1947च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमातही कायम राहिली. मूल शाळेत का येत नाही, याची चौकशी त्यात नव्हती.

ती चौकशी बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केली. त्या काळी ठाणे जिल्ह्यात आणि 2014पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी 1945 साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि त्यातून अंगणवाडी आकाराला आली. मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी हे सारे घरच्यांच्या डोळ्यांसमोर होऊ लागले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी पाड्यांवर थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी अडकते आणि मुलगा गुरांमागे रानात जातो, हे कळल्यावर विकासवाडी या त्यांच्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली आणि गुराखी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. घरची अडचण हा पालकाचा दोष न मानता त्या अडचणीप्रमाणे शाळेचीच रचना बदलणे, हे मला या कामाचे सर्वांत मोठे मोल वाटते. 1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली.

नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे. 1970 साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली, आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर नोड म्हणजे नियोजित उपनगरे उभी राहिली, 1992पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळाही पुढे महापालिकेकडे आल्या. ज्या शाळेतले गुरुजी घरोघरी ओळखीचे होते, तिथे आता दिघा, तुर्भे यांसारख्या वस्त्यांतील माथाडी, नाक्यावरचे मजूर आणि एमआयडीसीतील कंत्राटी कामगार यांची मुले आली. त्यांपैकी अनेकांच्या घरची भाषा मराठी नव्हती.

1 एप्रिल 2010 रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती बंधनकारक झाली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरले आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम तिच्याकडे आले. विनाअनुदानित खासगी शाळा या कलमाबाहेर राहिल्या; त्यांच्यासाठी राज्याने 2011चा शुल्क विनियमन अधिनियम केला आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर सोडतीने पालक घेण्याची पद्धत आणली. हा अधिकार मोलाचाच आहे, पण त्या समितीपुढचा मुख्य विषय फी हा आहे. मूल वाचायला कसे शिकते, हा नव्हे.

व्यवस्थापन समितीचेही असेच होऊ शकते. सभा दुपारी ठेवली तर रोजंदारीवरच्या आईला त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. ती आली, तरी इतिवृत्ताच्या वहीत सही करून परतते. खर्चाला मंजुरी मिळते, पण आपल्या मुलीला जोडाक्षरे येतात की नाही, हे विचारायला तिला जागा नसते.

मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या आणि घर हाच वर्ग झाला. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या उपक्रमातून अभ्यास पालकांच्या मोबाइलवर येऊ लागला, परंतु अनेक घरांत एकच फोन होता आणि तोही कामावर जाणाऱ्याच्या खिशात. शाळा उघडल्यावर, 2022 साली राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. पहिलीत दाखल होणारे मूल मेळाव्यात एकेका टेबलावर रंग ओळखते, वस्तू मोजते, चित्र पाहून बोलते. त्याची नोंद विकासपत्रावर होते, आणि दोन मेळाव्यांदरम्यानच्या सुट्टीच्या काळात गल्लीतल्या आया एकत्र बसून आयडिया कार्डांवरील कृती मुलांकडून घरीच करून घेतात. भांडी, डाळी, कपड्यांच्या जोड्या हेच त्यांचे साहित्य. कोसबाडनंतर इतक्या वर्षांनी आईला शिकण्याच्या कामात थेट वाटा मिळाला तो इथे. हे गट पहिलीच्या प्रवेशानंतरही वर्षभर चालावेत, सभा संध्याकाळी किंवा रविवारी वस्तीतच भराव्यात आणि शाळा विकास आराखड्यात त्यासाठी वेगळी तरतूद व्हावी, एवढे करण्याची मुभा व्यवस्थापन समित्यांना आजच्या कायद्यातही आहे.